कूलर बंद करा, बर्फ पडतोय

मे महिना, दुपारचे साडेतीन, जळगाव. पारा 45 ला टेकलेला. जिल्हापेठेतल्या त्या घराच्या खिडकीला बसवलेला पत्र्याचा कूलर सकाळपासून डाळ मिलसारखा घरघरतो आहे आणि घरातली सगळी माणसं आपापली कामं उचलून त्याच्यासमोर येऊन बसली आहेत. काकू लसूण सोलतायत, सून मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलीय, नातू उघड्या पोटानं फरशीला चिकटलाय. आणि मी शेजारचा, आमचा कूलर नेमका त्याच आठवड्यात बिघडला म्हणून आलेला. अशा वेळी नाना उठतात. कपाटातून एक सीडी काढतात, बंडीच्या टोकानं पुसतात, यंत्रात सरकवतात आणि जाता जाता, देवघरातला दिवा शांत करावा इतक्या सहज, कूलरचं बटण बंद करतात.

मे महिन्यात कूलर थांबला की जळगावच्या घरात जे पसरतं त्याला शांतता म्हणत नाहीत. ती धमकी असते.

"अहो नाना!" सून म्हणते.

"चार मिनिटं. चारच मिनिटं."

"काय आहे आज?" काकू लसणावरची नजर न काढता विचारतात.

"बर्फावरची पावलं," नाना म्हणतात आणि डोळे मिटून खुर्चीत बसतात.

नातवाच्या नाकावरून घामाचा एक थेंब फरशीवर पडला. तो मला ऐकू आला. ती पावलं लिहिणारा फ्रेंच संगीतकार देबुसी ऐकू यायला अजून अर्धं मिनिट लागलं. खालच्या बाजूला दोन-दोन स्वर, पुढे सरकतायत की अडखळतायत हे कळू नये असे. त्यावर मधूनच एखादी ओळ यायची आणि विरायची, थंडीत बोलणाऱ्याच्या तोंडातून वाफ निघावी तशी. नानांच्या कपाळावरून घामाच्या धारा चालल्या होत्या आणि चेहऱ्यावर असा गारवा होता की बघणाऱ्यानं शाल आणून द्यावी.

या माणसाचं सगळं दुःख एवढंच आहे की त्याला जगातलं सर्वांत हळू संगीत आवडलं आणि तो खान्देशात जन्मला. इथे लग्नाचा बँड तीन गल्ल्या अलीकडून कळतो, डीजे छातीत कळतो, भाजीवाला कांद्याचा भाव ध्वनिवर्धकावरून सांगतो, आणि दोन माणसं एकमेकांशी प्रेमानं बोलत असली तरी लांबून भांडणच वाटतं. देबुसीनं तर स्वरलिपीत ठिकठिकाणी हळू, आणखी हळू, जवळजवळ काहीच नाही, अशा खुणा करून ठेवलेल्या. नानांच्या घरी हे जवळजवळ काहीच नाही ऐकायचं तर पंखा, कूलर, मिक्सर, नळाखालची बादली आणि सुनेचा फोन, सगळं थांबवावं लागतं. मी एकदा त्यांना हेडफोन आणून दिले. त्यांनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि परत केले. म्हणाले, "पियानोला खोली लागते रे. कानात घालून ऐकायला मी काय टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आहे?"

नाना कोषागारातले निवृत्त लेखापाल. चौतीस वर्षं सरकारी बिलं तपासली. त्यांच्या टेबलावरून एखादं बिल पहिल्या फेरीत पुढे सरकलं तर संबंधित खात्यात पेढे वाटत, असं म्हणतात. शाईचा रंग बदलला, आक्षेप. खाडाखोडीवर सही नाही, आक्षेप. अक्षरी रकमेत 'फक्त' लिहायचं राहिलं, आक्षेप. अशा माणसाला आवडावा तर बाख आवडावा, जिथं प्रत्येक स्वराचा जमाखर्च लागतो. पण नानांना आवडला देबुसी. मी कारण विचारलं तेव्हा ते म्हणाले, "याच्यात ताळेबंद जुळवावा लागत नाही." आणि मग बराच वेळ गप्प बसले. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी केलेल्या भाषणापेक्षा हे वाक्य त्यांच्या नोकरीविषयी जास्त सांगतं असं मला वाटतं.

सुरुवात रावेरला झाली. पहिली नेमणूक तिथल्या उपकोषागारात, भाड्याची एक खोली, मागे केळीची बाग आणि सोबतीला शॉर्टवेव्हचा रेडिओ. हिवाळ्यातल्या एका रात्री काटा फिरवता फिरवता कुठलंसं परदेशी स्टेशन लागलं आणि त्यावर पियानो. आवाज जवळ यायचा, लांब जायचा, मागे सतत खरखर, मध्येच दुसऱ्याच भाषेतल्या बातम्या वरून तरंगत जायच्या. नाना हरखून गेले. पुढची कित्येक वर्षं ते असंच ऐकत राहिले आणि त्यांची अशी पक्की समजूत झाली की हे येणं, जाणं आणि खरखरणं हा त्या रचनेचाच भाग आहे. देबुसीचा समुद्राशी संबंध आहे एवढं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं, तेव्हा खरखर म्हणजे लाटा. पुढे पहिली सीडी हाती आली, स्वच्छ, काचेसारखी. नानांनी ती ऐकली आणि त्यांचा चेहरा पडला. "यातला समुद्र काढून टाकलाय," ते म्हणाले.

हसू नका. खुद्द देबुसीचं तरी काय वेगळं होतं? 1889 साली पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरलं, ज्यासाठी आयफेल टॉवर उभारला तेच. तिथे जावाहून आलेल्या वादकांचं गामेलान वाजत होतं. सत्तावीस वर्षांचा देबुसी पुन्हा पुन्हा जाऊन ते ऐकत बसायचा. जावा त्यानं पाहिलं नव्हतं, तिथली भाषा येत नव्हती, ते वाजवणारे काय म्हणतायत हे त्याला किती समजलं असेल देव जाणे. पण चौदा वर्षांनी त्यानं 'पॅगोडा' नावाची पियानोची रचना केली, तिच्यात त्या घंटा आहेत. जत्रेत ऐकलेल्या अर्धवट आवाजावर हा माणूस एवढं करू शकतो, तर रावेरच्या खोलीत ऐकलेल्या खरखरीवर एका लेखापालानं जन्मभर प्रेम केलं, यात कमी-जास्त ते काय?

अडचण संगीतकारांच्या नावांची झाली. 'देबुसी' म्हटलं की गल्लीतले एक वृद्ध गृहस्थ हात जोडायचे. त्यांना वाटायचं डेबूजी, म्हणजे गाडगेबाबा. नानांकडे रोज दुपारी कीर्तन चालतं असा त्यांचा समज होता आणि तो नानांनी शेवटपर्यंत दूर केला नाही, कारण त्या समजापोटी ते गृहस्थ साडेतीन ते चार आपल्या नातवंडांना ओरडू देत नसत. 'रावेल' म्हटलं की लोक रावेर ऐकायचे. रावेलची 'पाण्याचे खेळ' नावाची 1901 सालची रचना आहे, तिच्याविषयी नाना फोनवर मोठ्यानं बोलले आणि दुसऱ्या दिवशी समोरच्यांनी विचारलं, रावेरला वॉटर पार्क कधी झालं, तिकीट किती?

सगळ्यांत मोठा घोटाळा पुलँकनं केला. नाना मला गच्चीवरून म्हणाले, "ये संध्याकाळी, पुलँक लावतोय." पलीकडच्या गच्चीवर वाळवण राखत बसलेल्या बाईंना ऐकू आलं 'पुलं'. सात वाजता त्यांच्या घरची पाच आणि माहेरची तीन माणसं, पाठोपाठ आणखी दोन बिऱ्हाडं, चटया घेऊन हजर. नानांच्या घरी एवढी माणसं सत्यनारायणालाही आली नव्हती. नानांना वाटलं, आपल्या तपाला फळ आलं. डोळ्यांत पाणी येऊन त्यांनी पुलँकची निशागीतं लावली. पहिली दहा मिनिटं लोक हसायला तयार होऊन बसले होते. एक-दोघं हसलेही, आपल्याला विनोद कळला नाही असं वाटू नये म्हणून. मग एकानं दबक्या आवाजात विचारलं, "भाईंनी पेटी वाजवलेली माहितीय, ही कुठली?" अर्ध्या तासात चटया गुंडाळल्या गेल्या. नाना मात्र आजही सांगतात की जळगावात पुलँकला एकोणीस श्रोते लाभले होते. आकडा बरोबर आहे. मोजण्यात नाना चुकत नाहीत. निदान तेव्हा चुकत नव्हते.

आणि एरिक साती. त्याच्या नावाची तर गल्लीनं साडेसातीच केली. नानांना साडेसाती लागलीय हे वाक्य इतकं पसरलं की एक ज्योतिषी आपण होऊन घरी आले आणि शनिवारी मारुतीला तेल घालायला सांगून गेले. काकू अजून घालतात. सातीचं चरित्र बघितलं तर तेल थोडं कमीच पडतंय असं म्हणावं लागेल. गृहस्थ पॅरिसबाहेर आर्कय या उपनगरात एका खोलीत सत्तावीस वर्षं राहिला, तिथे कधी कुणाला येऊ दिलं नाही. 1925 साली तो गेला तेव्हा मित्रांनी दार उघडलं, तर आत ढीगभर छत्र्या आणि एकावर एक रचलेले दोन पियानो. वादकाला सूचना काय लिहायचा, तर दात दुखणाऱ्या बुलबुलासारखं वाजवा. एका संचाचं नाव त्यानं ठेवलं 'नासपतीच्या आकाराचे तीन तुकडे'. उघडून मोजले तर सात निघतात. नानांनी त्यावर लगेच आक्षेप नोंदवला होता, मग तो प्रेमापोटी मागे घेतला. उभ्या आयुष्यात मागे घेतलेला एकमेव.

पाहुण्यांची मात्र परीक्षा असते. देबुसीनं चोवीस प्रिल्यूड लिहिले, बारा-बारांचे दोन भाग, आणि प्रत्येकाचं नाव वर मथळ्याला न देता शेवटी, तळाला, कंसात छापलं. आधी ऐका, नाव मागून कळू द्या, असा विचार. नानांनी याचा नियम केला. घरी आलेल्या माणसाला पाणी, मग चहा, मग एक प्रिल्यूड, आणि शेवटी प्रश्न: "काय दिसलं?" धाकटीला बघायला आलेल्या मुलालाही सुटका नव्हती. त्यानं बर्फावरची पावलं ऐकली, आईबापांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "कोणीतरी जिना चढतंय. गुडघे दुखतायत." नानांनी जागेवर होकार दिला. पत्रिका नंतर पाहिली. ती जुळत नव्हती, तरी लग्न झालं, आणि चांगलं चाललंय.

एकदा काकूंच्या माहेरकडचे एक शेतकरी आले होते. तापीकाठचे, गाव धरणाच्या बुडितात गेलेलं. त्यांना नानांनी लावून दिला तो पहिल्या भागातला दहावा प्रिल्यूड. पाण्याखालून वर येणारे जाड, संथ स्वर, मग मोठ्या घंटा, मग पुन्हा खाली. त्या माणसानं चहाची बशी खाली ठेवली. संपल्यावर नानांनी विचारायच्या आत तो म्हणाला, "हाई तं पानीमा गयेल देऊळ शे." त्या रचनेचं नाव 'बुडालेलं देऊळ' असंच आहे. म्हणजे चर्च, पण ते राहू द्या. ब्रिटनीच्या किनाऱ्यावर समुद्रानं गिळलेल्या नगराची दंतकथा आहे, तिथलं. नाना दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

आता धुळ्याकडे वळायला हवं, कारण नानांचं वेड जळगावात असलं तरी वैर धुळ्यात राहतं. धुळ्याचे अप्पा हे पेशानं घड्याळजी. आग्रा रोडच्या एका बोळात त्यांचं दुकान होतं, एका माणसानं आत बसायचं आणि गिऱ्हाइकानं पायरीवर उभं राहायचं, एवढंच. आता दुकान नाही. दुपारी राजवाडे संशोधन मंडळात जाऊन जुनी पुस्तकं चाळतात. फ्रेंच पियानोचे खान्देशातले ज्ञात श्रोते म्हणजे हे दोघे. दोन श्रोते, आणि त्यांच्यात पक्ष तीन: देबुसीचा नानांचा, रावेलचा अप्पांचा, आणि सातीवर दोघांची युती.

त्यांची ओळख मुंबईत काळा घोड्याच्या र्‍हिदम हाउसमध्ये झाली. ते दुकान 2016 साली बंद झालं. कॅसेटच्या काळी पश्चिम रेल्वेवरून आलेला, मध्य रेल्वेवरून आलेला, जो तो एकदा तिथे जाऊन यायचा. एकाच कॅसेटला दोघांनी हात घातला. एका बाजूला देबुसी, दुसऱ्या बाजूला रावेल, आणि दुकानात प्रत एकच. दोघं सभ्यपणे इंग्रजीत भांडू लागले. भांडण वाढलं तशी इंग्रजी संपली, मराठी सुरू झाली, तीही संपली आणि अप्पांच्या तोंडून निघालं, "जाऊ दे ना भो!" नाना थबकले. "कुठले तुम्ही?" कॅसेट भागीत घेतली गेली. महिनाभर जळगाव, महिनाभर धुळे, एरंडोल-पारोळामार्गे एसटीच्या कंडक्टरच्या हातून. नव्वदेक किलोमीटरचा प्रवास करून करून त्या कॅसेटची रिळं ढिली पडली. देबुसीची बाजू जळगावात झिजली, रावेलची धुळ्यात. परत पाठवताना आपल्याला हवी ती बाजू नाना मुद्दाम वर ठेवायचे.

अप्पांचा रावेल समजायला सोपा आहे. रावेलचे वडील इंजिनिअर, घराणं मूळचं स्वित्झर्लंडकडचं. संगीतकार स्ट्राविन्स्कीनं त्याला स्विस घड्याळजी म्हटलं होतं. ते टोमणा म्हणून की कौतुक म्हणून यावर पंडितांनी वाद घातले असतील, अप्पांच्या मते ही पदवी आहे. रावेलच्या घरात चावीची खेळणी मांडलेली असत, आणि त्यानं एक ऑपेराच लिहिला ज्याची सगळी गोष्ट घड्याळजीच्या दुकानात घडते. "देबुसी म्हणजे धुकं," अप्पा म्हणतात, "आणि धुक्यात घड्याळ उघडायचं नसतं." त्यावर नाना: "रावेल उघडला की आत चाकंच." त्यावर अप्पा: "तू रावेरला राहून रावेल ऐकला नाहीस. योगायोग वाया घालवणारा माणूस तू." हे सगळं त्या काळी एसटीडीच्या दरानं चालायचं, पल्स मोजत, रात्री दरात सवलत लागल्यावर.

अप्पांच्या उजव्या हाताला कंप सुटला आणि दुकान बंद झालं. नाना कधी नव्हे ते बसनं धुळ्याला गेले. जाताना हातात एक सीडी, रावेलचा फक्त डाव्या हातासाठीचा पियानो कॉन्सर्टो. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या पाउल विटगेनश्टाईन या वादकासाठी लिहिलेला, 1932 साली व्हिएन्नात पहिल्यांदा वाजलेला. अप्पांनी तो ऐकला आणि एवढंच म्हणाले, "याला घड्याळ जमलं असतं." नानांनी त्या दिवशी देबुसीचा विषय काढला नाही. परतीच्या बसमध्ये चारदा काढला असता, असं त्यांनीच मला सांगितलं.

पण अप्पांनी उपकार ठेवून घेतला नाही. वर्षभरात त्यांचं पत्र आलं, पोस्टकार्डावर, मुंगीच्या अक्षरात. मंडळात वाचता वाचता त्यांना 'संगीतरत्नाकर' सापडलं होतं. तेराव्या शतकात देवगिरीला, यादवांच्या सिंघणदेवाच्या दरबारी शार्ङ्गदेवानं लिहिलेलं. त्यात एकशेवीस देशी तालांची यादी आहे. पुढे हे ताल गाण्याबजावण्यातून गेले, यादी उरली. ती यादी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसच्या एका संगीतकोशात छापली गेली, आणि ओलिव्हिए मेसियाँ नावाच्या फ्रेंच संगीतकाराच्या हाती लागली. तो तिच्यावर जन्मभर जगला. दुसऱ्या महायुद्धात मेसियाँ जर्मनांच्या हाती सापडला. ग्योर्लिट्झच्या युद्धकैद्यांच्या छावणीत, 15 जानेवारी 1941 रोजी, गोठवणाऱ्या थंडीत त्यानं इतर तीन कैद्यांसह आपली रचना सादर केली. तो स्वतः पियानोवर होता. आणि त्या पियानोच्या डावउजव्यात जे ताल फिरत होते त्यांची नावं रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश.

पोस्टकार्डाच्या अगदी तळाला, जागा संपत आल्यावर, अप्पांनी लिहिलं होतं: शार्ङ्गदेव दरबारात श्रीकरणाधिप होता. म्हणजे हिशेब खात्याचा प्रमुख.

नानांनी ते कार्ड मला वाचून दाखवलं तेव्हा त्यांचा आवाज हलला. मला भीती वाटली की आता सुरू होणार: सगळं आपल्याकडूनच गेलं, विमानसुद्धा. मला त्या गाण्याचा कंटाळा आहे. पण नाना ते गायले नाहीत. कार्ड चष्म्याजवळ नेऊन ते म्हणाले, "आमच्या खात्यातला माणूस निघाला रे." तेवढंच. देश नाही, धर्म नाही, खातं. दिवसभर दरबाराचे हिशेब तपासून रात्री तालांच्या मात्रा मोजणारा एक लेखापाल, कन्नडचा घाट चढून गेलं की पलीकडे, सातशे-आठशे वर्षांपूर्वीचा. त्यानं द्रुत, लघु, गुरु, प्लुत असं ओळीनं मांडलं म्हणून ते टिकलं. मेसियाँनं ते ताल वाजताना ऐकलेच नव्हते, त्याला मिळाली ती यादी. "यादी नीट करावी माणसानं," नाना म्हणाले. "कोणाच्या कामाला येईल सांगता येत नाही." त्यांनी त्याच दिवशी आपल्या सीडींचं रजिस्टर नव्यानं लिहायला घेतलं, लाल शाईत रकाने आखून.

आणि याच हिशेबी आनंदाच्या भरात गेल्या आषाढात ते प्रकरण घडलं.

सातीची 'व्हेक्सेशन्स' नावाची एक पानभर रचना आहे. मराठीत तिला 'जाच' म्हणता येईल. ती आठशे चाळीस वेळा वाजवायची असेल तर आधी शांत, निश्चल राहून तयारी करावी, अशी टीप त्यानं वर लिहून ठेवली. चेष्टा की खरं, कळायला मार्ग नाही. सातीच्या हयातीत ती छापलीही गेली नाही. 1963 च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कमध्ये संगीतकार जॉन केजनं ती टीप खरी मानली आणि वादकांची पाळी लावून सगळी आवर्तनं पुरी केली. अठरा तास चाळीस मिनिटं लागली. तिकीट पाच डॉलर, आणि बसून ऐकणाऱ्याला दर वीस मिनिटांना पाच सेंट परत. कोषागारातल्या माणसाला असं काही वाचून झोप येणं शक्य नव्हतं. "एका आवर्तनाला बरोबर ऐंशी सेकंद पडतात," नानांनी सकाळी मला सांगितलं. "करून बघितलंय. बाकी शून्य."

काकूंना त्याचं काहीच विशेष वाटलं नाही. "आमच्या गावाला सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत," त्या म्हणाल्या. "तुमचं तर एका रात्रीचं."

वीणेला पहारेकरी हवेत, तसे इथं वादक हवे होते. आषाढी एकादशी झाली की लग्नं थांबतात आणि बँडवाले मोकळे होतात. नाना एका बँडच्या कॅसिओवाल्याला घेऊन आले. पोरगा हुशार. कागद वाचता येत नव्हता, पण सीडी चार वेळा ऐकून त्यानं उचललं. मग हात थांबवून विचारलं, "नाना, यान्हामा चाल कोठे शे?"

"नाहीये," नाना म्हणाले.

"अन् कितला येळा?"

"आठशे चाळीस."

पोरानं आपल्या धाकट्या भावाकडे पाहिलं. "वरातमा बी आम्ही येवढं वाजाडतस नही." पण तासावर पैसे ठरले, भाऊ पाळीला तयार झाला, आणि संध्याकाळी सहाला, न्यूयॉर्कच्याच मुहूर्तावर, सुरुवात झाली. पहिल्याच आवर्तनात पोराच्या बोटाला सवयीनं ढोलकचं बटण लागलं आणि सातीला खान्देशी ठेका मिळाला. नाना उठून उभे राहिले. मला विचाराल तर त्या रात्रीतलं सर्वांत चांगलं आवर्तन ते. ते धरलं गेलं नाही.

मोजणीला दोघे. नाना कोषागाराच्या पद्धतीनं वहीत चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी मारत होते. अप्पा धुळ्याहून खास आले होते. त्यांनी घड्याळाच्या स्क्रूंनी भरलेली डबी आणली होती, दर आवर्तनाला एक स्क्रू चिमटीत उचलून दुसऱ्या डबीत टाकायचे. थरथरत्या उजव्या हातानंच. डावा वापरा असं सुचवायची कुणाची हिंमत झाली नाही. दहाला शेवभाजी-भाकरी झाली. बाराला सून मुलाला घेऊन माहेरी गेली, माहेर गावातच आहे म्हणून बरं. एकच्या सुमाराला वीज गेली, पण कॅसिओत सेल होते. अंधारात ते वेडेवाकडे, कुठंच न पोचणारे स्वर चालू राहिले आणि मला पहिल्यांदा असं वाटलं की हे ऐकण्यासारखं आहे. मग मला झोप लागली.

पहाटे साडेतीनला आवाज थांबल्यामुळे जाग आली. वीज आलेली होती. नानांची वही आणि अप्पांची डबी समोरासमोर, ताळा घेणं चाललं होतं. नानांच्या रेघा 431. अप्पांचे स्क्रू 428.

"पुढे चला," अप्पा म्हणाले. "तीनानं काय होतंय? तुझा देबुसी असता तर चाललं असतं ना?"

"हे सरकारी काम आहे," नाना म्हणाले. का म्हणाले ते त्यांनाही नंतर सांगता आलं नाही. ताळमेळ लागल्याशिवाय पुढचं आवर्तन नाही, असा त्यांनी जागेवर आक्षेप लिहिला, खाली सही केली, तारीख घातली. कॅसिओवाल्या भावांना पूर्ण रात्रीचे पैसे दिले गेले.

तेव्हापासून ते स्थगित आहे. दुसऱ्या दिवशी काकूंना केर काढताना सोफ्याखाली दोन स्क्रू सापडले. एक अजून सापडायचा आहे.